घरच्या घरी कुंभारकाम : चाक घेण्याआधी भट्टी शिका

आमच्या पहिल्या भट्टीत बासष्ट वाट्या लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा त्यांतील अठरा शाबूत होत्या. बाकीच्यांच्या खापऱ्या झाल्या होत्या, आणि काहींचा तर इतका बारीक चुरा झाला होता की तो झाडूने गोळा करावा लागला. त्याआधीचे चार महिने आम्ही चाकावर हात बसवण्यात घालवले होते. वाटी गोल यावी, कड पातळ निघावी, बूड जाड राहू नये, हे सर्व जमले होते. न जमलेली गोष्ट एकच होती. माती कशी सुकते आणि आगीत तिचे काय होते, याचा आम्ही अभ्यासच केला नव्हता.

हस्तकलेचा एखादा उद्योग घरी सुरू करावा अशी इच्छा असणारे अनेकजण कुंभारकामाची चौकशी करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘चाक केवढ्याला मिळते?’ हा प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. या धंद्यात भांडे घडते हातांवर, पण नफा किंवा तोटा ठरतो तो सुकवणीत आणि भट्टीत. म्हणून या लेखात आम्ही चाकाला मधली जागा दिली आहे आणि माती, सुकवणी व भाजणी यांना अधिक. होतकरू तरुणांनी आणि घर सांभाळून दोन पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनींनी हा पाठ वही घेऊन वाचावा, ही विनंती.

कोणता माल करावा, कोणता करू नये

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माठ, पणत्या, कुंड्या, चुली हा पिढीजात कुंभारांचा माल आहे. मुंबईच्या धारावीतील कुंभारवाडा सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांनी वसवला. तेथे एक कारागीर दिवसाला जेवढा माल काढतो तेवढा नवशिक्याला महिन्यात निघत नाही. त्यांच्या दराशी स्पर्धा करणे आपल्याला परवडणार नाही, आणि करूही नये. घरगुती कार्यशाळेने थोडा, वेगळा आणि सावकाश करावा लागणारा माल निवडावा.

असा माल पुष्कळ आहे. घराच्या नावाच्या पाट्या घ्या. मराठी, उर्दू किंवा दोन्ही लिप्यांत अक्षरे कोरलेली भाजक्या मातीची पाटी करण्यासाठी चाक लागत नाही, आणि ती ऑर्डर घेऊनच करावयाची असल्याने माल पडून राहत नाही. बोन्साय व निवडुंगाच्या उथळ कुंड्या, दिव्यांची आवरणे, भिंतीवरच्या फरशा, लग्नात भेट द्यावयाचे संच हेही चालतात. मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये फिरनी मातीच्या वाटीतच विकली जाते. तो घाऊक व स्वस्त माल आपला नव्हे, परंतु घरी दावत देणारे लोक त्याच आकाराची जाड, सुबक, पुन्हा वापरता येणारी वाटी शोधत असतात. ती आपली जागा आहे.

कच्छमधील खावडा येथील मातकाम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील मुस्लिम कुंभार घरांत पुरुष भांडे घडवतात आणि स्त्रिया त्यावर रंगीत मातीने रेघा व ठिपके काढतात. एकाच घरात कामाची वाटणी कशी असावी, याचा तो चांगला नमुना आहे. सर्वांनी चाकावर बसण्याची गरज नसते. एकाचा हात घडवण्यात चांगला असतो, दुसऱ्याचा घासण्यात व रंगवण्यात, आणि तिसऱ्याने हिशेब व भट्टी सांभाळली तरी त्याचे काम तेवढेच मोलाचे असते.

मातीची परीक्षा

‘माती फुकट मिळते’ हा समज महागात पडतो. देशावरची काळी माती घट्ट आणि चिकट असते, म्हणून ती भांड्यांना उत्तम असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती पाणी पिऊन खूप फुगते आणि सुकताना तितकीच आक्रसते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीची भांडी सुकतानाच तडकतात. तिच्यात दुसरा शत्रू असतो तो चुनखडीच्या बारीक खड्यांचा. भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडे थंड झाल्यावर तो हवेतील ओल शोषून फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांनी भांड्याच्या अंगावरून टिकली उडते. आमच्या वाचलेल्या अठरा वाट्यांपैकी पाच अशाच फळीवर बसल्या बसल्या गेल्या.

घरी करता येण्याजोग्या चार परीक्षा पुढे देत आहोत.

पहिली परीक्षा वळीची. मळलेल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले नाहीत तर मातीत लवचिकपणा आहे. खोल तडे गेले तर तिच्यात चिकण माती मिसळावी लागेल.

दुसरी चुन्याची. कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. अशी माती ८० नंबरच्या जाळीतून गाळल्याशिवाय वापरू नये. बुडबुडे फार आले तर ती माती सोडून द्यावी.

तिसरी आक्रसण्याची. मातीची चौदा सेंटिमीटर लांब, चार रुंद व एक जाड अशी पट्टी करा आणि ओली असतानाच तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारा. सुकल्यावर व भाजल्यावर रेघ मोजा. ती नऊ सेंटिमीटर भरली तर माती शेकडा दहा आक्रसली. म्हणजे नऊ सेंटिमीटर तोंडाची वाटी हवी असल्यास ती ओली असताना दहाची घडवावी लागेल. झाकणाच्या मापाचे सारे गणित या एका पट्टीत असते.

चौथी पाणी पिण्याची. भाजलेला तुकडा कोरडा असताना वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमचा तुकडा एकशे बारा ग्रॅम झाला तर त्याने शेकडा बारा पाणी प्यायले. लाल मातीच्या कमी तापमानावरील भांड्याला हे प्रमाण साधारण असते, आणि माठाला ते इष्टही आहे. परंतु चहाच्या कपाला हे चालत नाही. त्यासाठी १२०० अंशांवर भाजली जाणारी स्टोनवेअरची माती लागते, जी शेकडा तीनपेक्षा कमी पाणी पिते.

नवशिक्याने पहिले सहा महिने तयार, गाळलेली माती विकत घ्यावी, असे आमचे मत आहे. कुंभाराकडून घेतल्यास त्याच्या मिश्रणाची चौकशी नम्रपणे करावी. राख, लीद, वाळू तो का मिसळतो हे त्याला पुरते ठाऊक असते. हे पदार्थ भांड्याच्या अंगात सूक्ष्म वाटा ठेवतात, त्यामुळे ओल बाहेर पडते आणि आगीचा धक्का सोसतो. भाजक्या खापराचा बारीक चुरा मिसळल्यानेही हेच काम होते. आमच्या पहिल्या भट्टीच्या खापऱ्या आम्ही कुटून, चाळून अशाच वापरल्या.

मळणे आणि घडवणे

कणीक तिंबल्याशिवाय पोळी चांगली होत नाही, हे घरातील प्रत्येकाला माहीत असते. मातीचेही तसेच आहे. मळताना हवेचे बुडबुडे निघाले पाहिजेत आणि मऊ-कडक गाठी एकजीव झाल्या पाहिजेत. गोळा तारेने मधोमध कापून पाहावा. कापलेल्या भागात छिद्रे दिसली तर अजून मळावे. मळलेली माती प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर मुरू द्यावी. मुरलेली माती हाताला अधिक ऐकते.

चाक न घेता तीन पद्धतींनी भांडी घडवता येतात. पहिली चिमटीची. मुठीएवढ्या गोळ्यात अंगठा घालून, फिरवत फिरवत, भिंत चिमटीत दाबत वर न्यावयाची. भिंतीची जाडी बोटांना कळू लागते ती याच पद्धतीत, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत दुसरे काही करू नये. दुसरी वळ्यांची. करंगळीएवढ्या जाड वळ्या एकावर एक चढवून त्यांचे सांधे आतून व बाहेरून बोटाने पुसून टाकावयाचे. मोठी भांडी अशीच होतात. तिसरी पोळीची. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवून मध्ये माती लाटली की सर्वत्र एकसारखी जाडी येते. पाट्या, तबके, चौकोनी कुंड्या या पद्धतीने कराव्यात. लाटलेली पोळी कापडावर ठेवावी, म्हणजे उचलताना वाकत नाही. एकदा वाकलेली पोळी सरळ केली तरी ती वाक विसरत नाही, आणि भट्टीत पुन्हा वाकते.

कान जोडताना दोन्ही भाग सारखे ओले असले पाहिजेत. जोडाची जागा काट्याने खरवडून तिला त्याच मातीची पातळ खळ लावावी आणि दाबून जोडावे. नुसते पाणी लावून चिकटवलेला कान भट्टीतून वेगळा निघतो.

चाकाविषयी थोडक्यात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, हाताची भांडी एकसारख्या जाडीची येऊ लागल्यावरच चाकाचा विचार करावा. शक्यतो दुसऱ्याच्या चाकावर शिकून घ्यावे. गोळा मध्यावर आणणे हे निम्मे शिक्षण होय. आमचा नियम असा होता की पहिल्या पन्नास भांड्यांपैकी एकही ठेवायचे नाही. प्रत्येक भांडे तारेने उभे चिरून भिंतीची जाडी पाहायची आणि माती परत मळायची. मन दुखते, परंतु हात लवकर शिकतो.

सुकवणी : घाई करू नये

ओली वाटी सुकताना कड आधी सुकते आणि बूड मागे राहते. कड आक्रसते, बूड आक्रसत नाही, आणि या ओढाताणीत तडा जातो. म्हणून सर्व भाग एका वेगाने सुकले पाहिजेत. पहिला दिवस भांडी प्लास्टिकखाली झाकून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी ती ओल्या चामड्यासारखी कडक होतात. बूड खरवडणे, कान जोडणे, अक्षरे कोरणे, गुळगुळीत दगडाने अंग घोटणे ही कामे याच अवस्थेत होतात. त्यानंतर भांडे उपडे करून सावलीत ठेवावे. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. पाट्या व तबके जाळीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवून रोज उलटावीत. झाकण असलेल्या भांड्याचे झाकण त्याच दिवशी, त्याच मातीचे करावे आणि भांड्यावर ठेवूनच सुकवावे, म्हणजे दोन्ही सारखीच आक्रसतात.

सुकलेले भांडे ओळखण्याची खूण गालाशी आहे. भांडे गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत अजून पाणी आहे. पावसाळ्यात ही खूण विशेष लक्षात ठेवावी. आमची पहिली भट्टी जुलैत लावली होती. वाट्यांचा रंग फिकट झाला होता, म्हणून आम्ही त्या सुकल्या असे मानले. पावसाळ्याच्या दमट हवेत वरून कोरडे दिसणारे भांडे आतून ओले राहते. आता आम्ही जून ते सप्टेंबर घडवण्याचे काम कमी करतो आणि सुकवणीला दुप्पट दिवस देतो.

भट्टीच्या आत काय होते

पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. भांड्याच्या जाड भिंतीत अडकलेल्या थेंबाला ही जागा मिळाली नाही, तर तो भिंत फोडून बाहेर येतो. आमच्या वाट्या फुटल्या त्या यामुळेच. आम्ही भट्टीचा खटका पहिल्याच तासाला पुरा चढवला होता. भट्टीतील टप्पे पुढीलप्रमाणे आहेत. ते पाठ करावेत.

सुरुवातीपासून १२० अंशांपर्यंत मोकळे पाणी निघते. येथे तासाला पन्नास-साठ अंशांपेक्षा अधिक वाढ देऊ नये, आणि जाड माल असल्यास भट्टी शंभराच्या खाली रात्रभर ठेवावी. झरोक्यापाशी क्षणभर आरसा धरून पाहावा. त्यावर वाफ धरली तर पुढे जाऊ नये.

४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या अंगात रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते. यानंतर ती माती पुन्हा भिजवून मळता येत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, मातीतील गारेचे कण एकदम फुगतात. थंड होताना त्याच अंशावर ते पुन्हा आक्रसतात. म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा येथे सावकाश जावे.

६०० च्या पुढे तासाला शंभर-दीडशे अंश वाढ चालते. वाटेत मातीतील काडीकचरा जळतो, त्यासाठी हवेचा झरोका थोडा उघडा असावा. ९५० ते १००० अंशांवर पहिली भाजणी पुरी होते. या व्यवसायात तिला बिस्किट भाजणी म्हणतात. नंतर भट्टी बंद करून झाकणाला हात लावू नये. आत शंभर अंशांच्या खाली आल्यावरच उघडावी. भांडी पाहण्याची उत्सुकता सर्वांनाच असते, आणि या उत्सुकतेने फुटलेल्या भांड्यांची संख्या कमी नाही.

भट्टी विकत घेण्याची घाई नको. पहिले वर्ष दुसऱ्याच्या भट्टीत भाड्याने माल भाजून घ्यावा किंवा कुंभाराच्या आव्यात त्याच्या परवानगीने थोडा माल लावावा. स्वतःची घ्यावयाची झाल्यास विजेच्या बाबतीत आधी खात्री करावी. सहा किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे २६ अँपिअर प्रवाह घेते. ती घरातल्या साध्या प्लगवर चालत नाही. स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्यावे. घरगुती मीटरवर धंद्याची भट्टी चालवता येईल का, हेही वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन विचारावे. भट्टी भिंतीपासून व छपराच्या लाकडापासून दूर, आणि लहान मुलांच्या वाटेत येणार नाही अशी असावी.

झिलई आणि शिसे : या बाबतीत तडजोड नाही

भांड्याला काचेसारखी चकाकी देणारा थर म्हणजे झिलई. कारागीर तिला ग्लेझ म्हणतात. गारेची पूड, चिनी माती, फेल्डस्पार वगैरे पदार्थ पाण्यात कालवून ते पहिल्या भाजणीच्या भांड्याला लावतात आणि पुन्हा भाजतात. भांड्याचे बूड ओल्या स्पंजने पुसून कोरे ठेवावे, नाहीतर ते भट्टीतील फळीला चिकटून बसते.

गार नुसती वितळण्यास १७०० अंशांहून अधिक उष्णता लागते. ती कमी अंशावर वितळावी म्हणून दुसरे पदार्थ मिसळावे लागतात. फार पूर्वीपासून यासाठी शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, वापरला जात आला. तो स्वस्त आहे, सहज वितळतो आणि चकाकी सुंदर देतो. परंतु लोणचे, चिंच, ताक, लिंबू, टोमॅटो यांच्या आंबटपणात ते शिसे अन्नात उतरते. शिसे शरीरात साठत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. शिशाची कोणतीही मात्रा मुलांना सुरक्षित मानली जात नाही.

आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी आम्ही लोणच्याच्या चाळीस बरण्या केल्या. झिलईची तयार पूड एका दुकानातून आणली होती. बरण्या अतिशय देखण्या झाल्या, आणि त्यांना गिऱ्हाईकही ठरले होते. पोचवण्याच्या आधी सहज म्हणून आम्ही दुकानदाराला पुडीत काय आहे असे विचारले. त्याला सांगता येईना. ‘सगळे हेच नेतात’ एवढेच उत्तर मिळाले. आम्ही एक बरणी प्रयोगशाळेत तपासायला दिली. अहवालात शिसे निघाले. चाळीस बरण्या म्हणजे त्या वेळी आमची दोन महिन्यांची कमाई होती. घरात दोन दिवस चर्चा झाली. फुलदाण्या म्हणून विकाव्यात अशी एक सूचना आली. पण एकदा विकलेल्या बरणीत कोण काय भरील, यावर आमचा ताबा राहणार नव्हता. शेवटी आम्ही त्या फोडल्या, आणि त्यांचा चुराही मातीत मिसळला नाही. गिऱ्हाइकाला आगाऊ रक्कम परत केली व कारण सांगितले. पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा काम दिले. पण ते दिले नसते तरी बरण्या फोडणेच योग्य होते.

म्हणून नियम असा ठेवावा. ज्या पुडीतील घटक विक्रेता लेखी देत नाही ती अन्नाच्या भांड्याला लावू नये. कमी अंशासाठी शिसेविरहित, बोरॉन असलेली फ्रिट मिळते, ती मागून घ्यावी. भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. ते रंग भांड्याच्या आतल्या बाजूला वापरू नयेत. नवा माल बाजारात नेण्याआधी एक नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तेथे भांड्यात शेकडा चार ॲसेटिक आम्ल चोवीस तास ठेवून त्यात काय उतरले ते मोजतात. घरी व्हिनेगर भरून रात्रभर ठेवले आणि चकाकी मंदावली तर ती झिलई कच्ची आहे एवढे कळते. मात्र चकाकी मंदावली नाही, म्हणून शिसे नाही, असा अर्थ काढू नये.

धुळीचीही काळजी घ्यावी. मातीच्या व गारेच्या कोरड्या धुळीने वर्षानुवर्षे फुप्फुसांना इजा होते. खोली कधी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कोरडी पूड कालवताना चांगला मास्क लावावा. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, आणि स्वयंपाकाची भांडी व झिलईची भांडी यांची कधीही सरमिसळ करू नये.

किंमत कशी काढावी

पुढील हिशेब नमुन्यादाखल आहे. वाचकांनी त्यात आपापल्या गावचे दर घालावेत. समजा, आपण झिलईच्या पन्नास वाट्या केल्या. माती साडेसोळा किलो, २० रुपये दराने ३३० रुपये. झिलई २५० रुपये. दोन भाजण्यांची वीज ११० युनिट, १० रुपये दराने ११०० रुपये. भट्टीची झीज ३०० रुपये. मजुरी चोवीस तास, तासाला ६० रुपयांप्रमाणे १४४० रुपये. एकूण ३४२० रुपये. वाटीला ६८ रुपये ४० पैसे खर्च आला, असे आपण म्हणू.

परंतु पन्नासपैकी दहा वाट्या तडकल्या, वाकल्या किंवा डागाळल्या, तर तोच खर्च चाळीस वाट्यांवर पडतो. आता एक वाटी ८५ रुपये ५० पैशांना पडली. हा सतरा रुपयांचा फरक बहुतेक नवशिक्ये मोजत नाहीत. शिवाय मजुरी धरतच नाहीत, कारण ती घरच्याच माणसाची असते. मग वर्षाच्या शेवटी कष्ट पुष्कळ झाले आणि हाती काही उरले नाही, अशी तक्रार होते. घरच्या बाईच्या तासाला किंमत नाही, असे समजणारा धंदा फार काळ टिकत नाही.

त्यात वेष्टनाचे साडेसहा रुपये मिळवले की ९२ होतात. अठरा रुपये नफा धरल्यास आपल्याला ११० रुपये मिळाले पाहिजेत. दुकानदार विक्रीच्या एकतृतीयांश घेणार असेल तर दुकानातील किंमत १६५ रुपये येते. एवढ्याला वाटी विकली जात नसेल तर दर पाडू नये. तुटफूट कमी करावी, किंवा दुसरा माल निवडावा. झिलई नसलेल्या पाटीला दुसरी भाजणी लागत नाही, हे येथे आठवावे.

शिक्षण व साहाय्य

कुंभारकाम पुस्तकातून पुरे येत नाही, एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काही दिवस काढले पाहिजेत. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील ग्रामोदय संघ ही कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभी केलेली संस्था मातकामासाठी प्रसिद्ध आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर हे गावही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभारकाम प्रशिक्षण संस्थेमुळे या क्षेत्रात ओळखले जाते. वर्ग केव्हा भरतात, शुल्क किती, राहण्याची सोय आहे का, हे पत्राने अथवा फोनने विचारूनच निघावे. जवळच्या गावात कुंभार असेल तर त्याच्याकडे आठवड्यातून एक दिवस योग्य मोबदला देऊन शिकणे हाही उत्तम मार्ग आहे.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ती २०२७-२८ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी आखलेली आहे. तिच्यातील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि शेकडा पाच व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. परंतु ती प्रत्यक्ष हाताने हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. काम शिकण्याआधी कर्जाच्या मागे लागू नये. कर्जाची भट्टी रिकामी राहिली तरी हप्ता चालूच राहतो.

पहिल्या महिन्याचा अभ्यास

पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणची माती आणून वर दिलेल्या पहिल्या दोन परीक्षा कराव्यात, आणि तिसरीसाठी प्रत्येक मातीची पट्टी करून ठेवावी. दुसऱ्या आठवड्यात रोज दोन चिमटीच्या वाट्या कराव्यात आणि त्या चिरून पाहाव्यात. तिसऱ्या आठवड्यात चार छोट्या पाट्या लाटाव्यात. दोन सावलीत झाकून सुकवाव्यात आणि दोन मुद्दाम पंख्याखाली ठेवाव्यात. काय फरक पडतो ते डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाही. चौथ्या आठवड्यात जो माल शाबूत राहिला तो आणि पट्ट्या एखाद्या कुंभाराच्या आव्यात भाजून घ्याव्यात, रेघा पुन्हा मोजाव्यात, आणि तुकड्याला पाण्याची परीक्षा द्यावी.

या सर्वांची नोंद वहीत करावी. तारीख, माती कोठली, किती दिवस सुकली, हवा कशी होती, भट्टी किती तासांत किती अंशांवर गेली, किती वस्तू लावल्या, किती शाबूत निघाल्या. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘बासष्ट लावल्या, अठरा निघाल्या’ असे लिहिलेले आहे. गेल्या भट्टीची नोंद ‘अठ्ठेचाळीस लावल्या, पंचेचाळीस निघाल्या’ अशी आहे. उरलेल्या तीन का गेल्या, ते त्याच ओळीत खाली लिहून ठेवले आहे.